आधी खोली, मग तळ, शेवटी मासा: खाडीत फिशफाइंडर वापरण्याचा क्रम

ठाण्याच्या खाडीत लहान होडीवर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, बसवणारे अनेक जण मला तेच तीन प्रश्न विचारतात. पडद्यावर मासे दिसतात, पण जाळ्यात येत नाहीत, ते का? यंत्र कधी तीन मीटर दाखवते, तर कधी त्याच जागी सात मीटर, ते का? आणि पडद्यावर पुरेसे पाणी दिसत असताना होडी चिखलात कशी रुतली? तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. यंत्र सुरू होताच आपण मासा शोधू लागतो, पण खोलीचा आकडा बरोबर आहे की नाही, हे आपण तपासलेले नसते. ज्या यंत्राला तळ नीट सापडलेला नाही, त्याने दाखवलेल्या माशावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याकडे वळू नये.

यंत्राचे काम कसे चालते, तेवढे आधी लक्षात घ्यावे. पाण्यात बुडालेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा स्पंद खाली सोडतो, तो तळावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे साडेसात मीटर खोल पाण्यात तो जाऊन परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. स्पंद सरळ रेषेत जात नाही, तो सुळक्यासारखा पसरत जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका या पसरण्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

टप्पा १: घरची तयारी

१२ व्होल्टची पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज आणि बॅटरीपासून थेट यंत्रापर्यंत येणारी स्वतंत्र वायर एवढे विजेचे साहित्य लागते. इंजिनच्या किंवा दिव्यांच्या वायरमधून जोड घेऊ नये, कारण इंजिन सुरू होताच पडद्यावर उभ्या-आडव्या ठिपक्यांचा पाऊस पडतो आणि तो मासा समजून फसगत होते. ट्रान्सड्यूसरची केबलही इंजिनच्या वायरींपासून दूर न्यावी. उरलेली केबल कापू नये, सैल गुंडाळून बांधावी.

याशिवाय खूण केलेली दोरी घरीच करून घ्यावी. पंधरा मीटर नायलॉनची दोरी घेऊन ती आधी तासभर पाण्यात भिजवावी आणि ओली असतानाच ताणून दर मीटरला रंगीत धागा बांधावा. कोरड्या दोरीवर केलेल्या खुणा भिजल्यावर सरकतात. टोकाला किलोभराचे शिसे बांधावे, पण शिशाखाली तळहाताएवढी पत्र्याची चकती अवश्य लावावी, कारण आपल्या खाडीच्या गाळात नुसते शिसे वीतभर आत जाते आणि माप खोटे येते. जुने तांडेल खोली वावेत मोजत. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट, म्हणजेच १.८ मीटर. यंत्राचे एकक मीटर, फूट की वाव आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

घरातले एक जुने, सपाट तळाचे स्टीलचे ताट, तीन सारख्या लांबीच्या दोऱ्या, त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक आणि पेन्सिल-वही सोबत ठेवावी. ताट कशासाठी, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

टप्पा २: ट्रान्सड्यूसर बसवणे

हवा ही आवाजाची शत्रू आहे. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून बुडबुडे वाहू लागले की तळ तुटक दिसतो किंवा नाहीसा होतो. बाहेरून लावायच्या इंजिनाच्या होडीत तो मागच्या फळीवर, पंख्यापासून किमान ४० सेंटिमीटर दूर बसवावा. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला लावावा, कारण त्या बाजूला पाती खाली जात असतात आणि बुडबुडे कमी उठतात. होडीच्या तळाला जिथे पट्टी, खिळ्यांची रांग किंवा पाणी ओढणारे भोक असेल, त्याच्या थेट मागे तो कधीही बसवू नये.

त्याचे तोंड होडी पाण्यावर तरंगत असताना आडव्या पातळीत हवे. धक्क्यावर चढवलेल्या होडीत लेव्हल धरून बसवलेला ट्रान्सड्यूसर माणसे, जाळे आणि बर्फाची पेटी चढल्यावर तिरपा होतो. म्हणून आधी स्क्रू अर्धेच आवळावेत, नेहमीचे वजन घेऊन होडी पाण्यात घालावी, कोन पाहून घ्यावा आणि मगच स्क्रू पक्के करावेत.

फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येतो, पण तळ भरीव फायबरचा असेल तरच. मध्ये फोम किंवा लाकूड असल्यास आवाज तिथेच मरतो. चिकटवण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी: पाण्याने भरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर ठेवून ती पिशवी होडीच्या आतल्या तळाशी टेकवावी आणि तळाचे चित्र स्पष्ट येते का, ते पाहावे. चांगले चित्र आले, तर त्याच जागी बुडबुडे न राहू देता इपॉक्सीने चिकटवावा. लाकडी होडीतून आवाज नीट जात नाही. तिथे काठाला क्लॅम्पने धरलेला, वर-खाली करता येणारा पाइप हाच उत्तम मार्ग आहे. वेगाने जाताना तो वर उचलून ठेवावा लागतो, एवढीच त्याची गैरसोय.

तपासणी: इंजिन बंद ठेवून चित्र पाहावे, मग सुरू करून पाहावे, मग हळूहळू वेग वाढवावा. उभी होडी आणि सुरू इंजिन असतानाच ठिपके वाढले, तर दोष वायरिंगचा आहे. वेग वाढल्यावर चित्र तुटले, तर दोष बुडबुड्यांचा, म्हणजेच बसवण्याच्या जागेचा आहे.

टप्पा ३: ताटाची चाचणी आणि ऑफसेट

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि होड्या रुततात त्या यामुळेच. ट्रान्सड्यूसर स्वतःच्या तोंडापासून अंतर मोजतो. ते पाण्याच्या पृष्ठभागापासूनचे अंतर नसते आणि पंख्याच्या खालच्या टोकापासूनचेही नसते. आपल्याला कुठून मोजलेली खोली हवी, ते यंत्राला ऑफसेट, म्हणजे मोजलेल्या अंतरात मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा, भरून सांगावे लागते.

भरती थांबून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी काही वेळ स्थिर असते, त्या वेळी ही चाचणी करावी, कारण वाहत्या पाण्यात ताट तिरके होते. स्टीलच्या ताटाच्या काठाला तीन ठिकाणी भोके पाडून तिन्ही दोऱ्या वर एका गाठीत बांधाव्यात, म्हणजे ताट तराजूच्या पारड्यासारखे आडवे लटकेल. खाली किमान चार मीटर पाणी असलेल्या जागी हे ताट बरोबर ट्रान्सड्यूसरच्या खाली, पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन मीटरवर सोडावे. पडद्यावर तळाच्या बऱ्याच वर एक ठळक, सरळ रेघ उमटते, तेच आपले ताट. ट्रान्सड्यूसर पाण्यात ३० सेंटिमीटर बुडालेला असेल, तर ऑफसेट शून्य असताना ही रेघ १.७ मीटरवर यायला हवी. नंतर ताट तीन मीटरवर सोडल्यास रेघ २.७ वर आली पाहिजे. पाणी उबदार आणि खारट असल्यामुळे आवाज थोडा वेगाने जातो आणि यंत्र शंभरात दोन-तीन भाग कमी दाखवू शकते. तेवढ्याची काळजी नको, ती चूक सुरक्षिततेच्या बाजूची आहे. त्याहून जास्त फरक आला, तर खारे पाणी की गोडे पाणी हे सेटिंग आणि मोजण्याचे एकक पुन्हा पाहावे.

आता ऑफसेट भरावा. पृष्ठभागापासूनची खोली हवी असेल, तर बुडालेली उंची अधिक चिन्हाने भरावी, या उदाहरणात +०.३. पंख्याखाली किती पाणी उरले, हे हवे असेल, तर ट्रान्सड्यूसरपासून पंख्याच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर उणे चिन्हाने भरावे.

सावधान: हे चिन्ह उलटे भरल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पंख्याचे टोक ट्रान्सड्यूसरच्या ४० सेंटिमीटर खाली होते आणि मी −०.४ ऐवजी +०.४ भरले, म्हणजे पडदा खऱ्यापेक्षा ८० सेंटिमीटर जास्त पाणी दाखवू लागला. ऐरोलीच्या बाजूला ओहोटीच्या तिसऱ्या तासात पडद्यावर ०.९ हा आकडा दिसत असताना पंखा गाळाला लागला. ०.८ वर लावलेला उथळ पाण्याचा अलार्म वाजलाच नाही. खाली उतरून होडी ढकलावी म्हटले, तर पाय मांडीपर्यंत गाळात जात होता. पाणी पुरते उतरून पुन्हा चढेपर्यंत, सात तासांहून अधिक काळ, आम्ही तिघे उन्हात बसून राहिलो. तेव्हापासून ऑफसेट बदलला की ताटाची चाचणी पुन्हा केल्याशिवाय मी धक्क्याला बांधलेली दोरी सोडत नाही.

टप्पा ४: पडद्याची सेटिंग

पहिल्यांदा माशांची चिन्हे दाखवणारी सोय बंद करावी. ते चिन्ह हा यंत्राचा अंदाज असतो. पाण्यात तरंगणारी पिशवी, लाकडाचा तुकडा किंवा बुडबुड्यांचा झुपका यांनाही यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने माशाचे चित्र लावते. मूळ प्रतिध्वनी पाहायची सवय लागेपर्यंत ही सोय बंदच ठेवावी. माझ्या मते तर ती नंतरही सुरू करण्याची गरज नाही.

खोलीची मर्यादा आपोआप न ठेवता स्वतः ठरवावी. सहा मीटर पाणी असेल, तर मर्यादा दहा मीटर पुरे. उथळ पाण्यात आवाज तळावरून परत येतो, पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परत येतो. खरा तळ ३.५ मीटरवर आणि त्याची सावली सातच्या आसपास, असे दोन तळ दिसतात. आपोआप चालणारे यंत्र कधी कधी या दुसऱ्यालाच खरा धरते. आकडा अचानक दुप्पट झाला, तर तळ खोल गेला असे न समजता दोरी टाकून पाहावे.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती क्षीण प्रतिध्वनी दाखवायचा याचे सेटिंग, आधी इतकी वाढवावी की सगळा पडदा ठिपक्यांनी भरेल आणि मग ठिपके विरळ होऊन तळ ठळक राहीपर्यंत हळूहळू कमी करावी. उलट केल्यास, म्हणजे कमीपासून वाढवत नेल्यास, आपण बहुधा लवकर थांबतो आणि बारीक मासे निसटतात. पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असताना ही मांडणी दर फेरीला नव्याने करावी लागते.

आवाजाची वारंवारता निवडताना सुळक्याची रुंदी ध्यानात ठेवावी. २०० किलोहर्ट्झला सुळका अरुंद, साधारण २० अंशांचा असतो आणि सहा मीटर खोलीवर तो सुमारे दोन मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. ५० किलोहर्ट्झला तो ४५ अंशांच्या आसपास असतो आणि त्याच खोलीवर पाच मीटरचे वर्तुळ पाहतो. खाडीसाठी २०० हे नेहमीचे ठेवावे, दुसरी वारंवारता तळ तपासण्यापुरती वापरावी.

टप्पा ५: तळ वाचणे

पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण आणि डावीकडचे सगळे चित्र म्हणजे आपण मागे टाकलेले पाणी. होडी उभी असली, तरी चित्र सरकत राहते. सपाट तळाची लांबलचक रेघ दिसली म्हणून आपण लांबवर सपाट जमिनीवरून गेलो असे होत नाही, एकाच जागी उभे राहूनही तीच रेघ मिळते.

कठीण तळ, म्हणजे खडक, दगडांची भर किंवा पुलाच्या पायाभोवतीचा भाग, जाड आणि ठळक दिसतो आणि त्याची दुसरी सावली स्पष्ट येते. मऊ गाळ फिकट असतो, त्याची खालची कड विरघळल्यासारखी दिसते आणि दुसरी सावली बहुधा येत नाही. वाशीच्या पुलांजवळून सावकाश जाताना हा फरक डोळ्यांनी पाहण्याचा सराव चांगला होतो, मात्र खांबांच्या अगदी जवळ पाणी घुसळलेले असते, तिथले चित्र धरू नये.

आपल्या खाडीत एक खास अडचण आहे. तळाच्या घट्ट मातीवर पातळ, वाहत्या गाळाचा थर असतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज या थराच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो, तर कमी वारंवारतेचा आवाज थरात शिरून खालच्या घट्ट भागापर्यंत जातो. समजा, २०० वर ३.२ मीटर आणि ५० वर ३.७ मीटर दिसले, तर मधला अर्धा मीटर बहुधा पातळ गाळ आहे. पण ५० वर खोली कमी दिसली, तर अर्थ वेगळा: खाली उतार आहे आणि रुंद सुळक्याने बाजूचा उंच भाग आधी पकडला आहे. कारण यंत्राला सुळक्यातली सर्वांत जवळची जागा आधी ऐकू येते. म्हणूनच खोल पात्राच्या कडेला, उताराच्या पोटाशी बसलेला मासा पडद्यावर दिसतच नाही. तो तळाच्या रेघेतच बुडालेला असतो.

तपासणी: शंका आली की चकतीची दोरी टाकावी. चकती गाळाला टेकल्याचा आणि घट्ट मातीला टेकल्याचा हाताला लागणारा फरक चार-पाच वेळांतच कळू लागतो.

टप्पा ६: भरतीचा हिशेब

यंत्र या क्षणीची खोली सांगते, परतीच्या वेळची नाही. सागरी नकाशावरची खोली अतिशय खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, त्यामुळे नकाशातली खोली अधिक त्या वेळची भरतीची उंची म्हणजे प्रत्यक्ष पाणी. नकाशात १.२ आणि भरती ३.४ असेल, तर पडद्यावर पृष्ठभागापासून ४.६ च्या आसपास आकडा यावा. भरती ०.८ वर उतरल्यावर त्याच जागी फक्त दोन मीटर पाणी उरते.

पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. भरती ते ओहोटी या सुमारे सहा तासांत पहिल्या तासाला एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग, असा ढोबळ हिशेब धरतात. उतार चार मीटरचा असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एक मीटर पाणी जाते. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवशी हाच फटका बसतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत तो बराच सौम्य असतो. खाडीच्या वरच्या, अरुंद भागात हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही आणि मुंबईच्या अपोलो बंदरासाठी छापलेली वेळ ठाण्याच्या बाजूला उशिरा लागू होते. आपल्या धक्क्यावर पाणी नेमके किती मिनिटे उशिरा थांबते, हे आठ-दहा दिवस घड्याळ लावून वहीत नोंदवावे. तो आकडा कुठल्याही यंत्रात मिळत नाही.

सावधान: ट्रान्सड्यूसर मागे असतो. पडद्यावर उथळ दिसते तेव्हा नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आधीच त्या उथळावर पोहोचलेली असते. अनोळखी बाजूला शिरताना चालण्याच्या वेगाने जावे, अलार्म पंख्याखाली एक मीटरवर लावावा आणि शक्यतो चढत्या पाण्यातच शिरावे, म्हणजे टेकलो तरी पाणीच आपल्याला उचलेल.

टप्पा ७: आता मासा

चालत्या होडीखालून मासा सुळक्याच्या एका कडेने शिरतो, मधून जातो आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. कडेला त्याचे अंतर जास्त, मध्ये कमी, म्हणून कमानीसारखी रेघ उमटते. मासा सुळक्याच्या कडेवरूनच गेला, तर अर्धीच कमान येते. होडी उभी असेल आणि मासाही खाली थांबला असेल, तर लांब सरळ रेघ येते. उथळ पाण्यात वर्तुळच लहान असल्यामुळे पूर्ण कमानी क्वचितच दिसतात. दोन-तीन मीटर पाण्यात कमान शोधत बसणे व्यर्थ आहे, तिथे लहान, ठळक तुटक रेघाच पाहाव्यात. रेघेची लांबी म्हणजे माशाची लांबी नव्हे. तो किती वेळ सुळक्यात राहिला, एवढेच ती सांगते.

माशाच्या पोटातली हवेची पिशवी आवाज सर्वांत जोरात परतवते. ही पिशवी असणारे घोळ, जिताडा, शिंगाळा असे मासे ठळक दिसतात. मुशी आणि पाकटाला ती नसते, त्यामुळे मोठी पाकटही फिकट दिसते, आणि गाळाला चिकटलेली असेल तर दिसतच नाही. चिंबोरी आणि कोळंबीसाठी हे यंत्र वापरू नये. लहान माशांचा थवा ढगासारखा दिसतो. त्या ढगाच्या कडेला किंवा खाली वेगळ्या, जाड रेघा असतील, तर शिकारी मासा जवळ असण्याची शक्यता असते.

फसवणाऱ्या खुणा ओळखणे तितकेच महत्त्वाचे आहे. तिवरांच्या जवळच्या गाळातून वायूचे बुडबुडे उठतात. पडद्यावर ते तळापासून निघून उजवीकडे वर वर चढणाऱ्या तिरक्या रेघांसारखे दिसतात आणि एकामागून एक, एकाच उतारात येतात. पृष्ठभागाजवळचा अर्धा-पाऊण मीटरचा पट्टा लाटा आणि बुडबुड्यांमुळे नेहमीच भरलेला असतो, तिथे काहीच वाचू नये. शेजारच्या होडीवर त्याच वारंवारतेचे यंत्र सुरू असेल, तर ठरावीक अंतराने तिरप्या तुटक रेघा येतात. त्यांचे यंत्र बंद झाल्यावर त्या थांबतात.

शोधताना एकाच सरळ रेषेत न जाता पात्राच्या कडेला आडवे-तिडवे, ताशी चार-पाच किलोमीटरच्या वेगाने फिरावे. ओहोटीला पाणी खोल पात्रात आणि खड्ड्यांत आटते, मासाही तिथेच सरकतो. भरतीला बोईट चरायला गाळाच्या पठारांवर आणि तिवरांच्या तोंडाशी चढते, आणि तिथले पाणी यंत्राला पुरेल इतके खोल नसते, म्हणून त्या वेळी पडदा बाजूला ठेवून डोळ्यांनीच पाहावे. खूण दिसली की लक्षात ठेवावे, ती जागा आता मागे गेली आहे. ताशी पाच किलोमीटरला दहा सेकंदांत होडी चौदा मीटर पुढे सरकते. म्हणून खूण दिसताच दोरी आणि वजन बांधलेला रिकामा डबा टाकावा, वळसा घेऊन वरच्या अंगाला जावे आणि पाण्याच्या ओढीबरोबर डब्याकडे वाहत यावे. दुसऱ्या फेरीतही त्याच खोलीवर खुणा दिसल्या, तरच पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकावा किंवा गळ सोडावा.

तपासणी: गळाचे वजन ट्रान्सड्यूसरच्या अगदी जवळ सोडले, तर पडद्यावर ते खाली उतरणारी बारीक तिरकी रेघ म्हणून दिसते. ती दिसत नसेल, तर एक तर सेन्सिटिव्हिटी कमी आहे किंवा ओढीने वजन सुळक्याबाहेर नेले आहे.

जागा निवडताना दोन गोष्टी पाळाव्यात. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वन विभागाचे नियम लागू होतात. आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीबंदी असते.

टप्पा ८: परतल्यावर

ट्रान्सड्यूसरचे तोंड गोड्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसावे. त्यावर शेवाळ किंवा शिंपल्यांची खपली चढली असेल, तर साबणाच्या पाण्याने भिजवून नखाने किंवा लाकडी पट्टीने काढावी. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल लावू नये, त्याने प्लॅस्टिक खराब होते. होडीच्या तळाला लावायचा साधा रंगही त्यावर देऊ नये. जोडणीचे पिन कोरडे करून टोपी लावावी.

त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, जागा, पडद्यावरची खोली, त्या वेळची भरतीची उंची, दोन्ही वारंवारतांचे आकडे, तळाचा प्रकार आणि प्रत्यक्ष काय मिळाले, हे लिहावे. काहीच मिळाले नाही, तर तेही लिहावे. नोंद अशी असते: सारसोळे धक्क्यासमोरचे पात्र, सकाळी ७.४०, खोली ४.१, भरती २.९, तळ मऊ, उताराच्या तोंडाशी तळापासून अर्धा मीटर वर तुटक रेघा, दोन फेऱ्यांत दिसल्या, शिंगाळे तीन.